दादाच्या पायाखालचा ब्रेक

माझा थोरला भाऊ माझ्या डोळ्यांदेखत चार वेळा नवा माणूस झाला, आणि चारही वेळा त्याने मला ठणकावून सांगितलं, की मी पहिल्यापासून असाच आहे. धाकट्या बहिणीचं हे एक दुखणंच असतं. तिला सगळं आठवतं. बायकोला नवरा अर्ध्या वाटेवर भेटतो, मुलांना बाप आयता तयार मिळतो, पण धाकट्या बहिणीपुढे कुणाची बतावणी चालत नाही.

गावात त्याला मास्तर म्हणतात. शाळेतला मास्तर नव्हे, गाडी शिकवणारा. अर्ध्या गावाचं लायसन त्याच्या शिकवणीवर निघालेलं आहे. पण हाच मास्तर लहानपणी बागेतल्या घसरगुंडीवर चढायचा, वर जाऊन बसायचा, आणि मागची पोरं ओरडायला लागली की शिडीनेच उलटा खाली उतरायचा. सायकल शिकताना त्याची अट होती, की वडिलांनी मागची कॅरिअर सोडायची नाही. वडिलांनी हळूच हात काढला की त्याला पाठीला डोळे असल्यासारखं कळायचं. मग तो सायकल सोडून द्यायचा. सायकल आडवी, हा उभा. आमच्या घरातल्या अंधाऱ्या बोळातून जाताना तो मला पुढे घालायचा आणि माझी वेणी धरून मागून यायचा. वर मला सांगायचा, की तू घाबरू नयेस म्हणून धरलीय.

आई रोज देवापुढे बसून म्हणायची, माझ्या लेकाला थोडा धीर दे. देवाने ऐकलं, पण माप जरा सैल पडलं. दादाचा आवाज फुटला, ओठावर मिसरूड आली आणि एका उन्हाळ्यात त्या भित्र्या पोराच्या जागी एक बेफाम माणूस आमच्या घरात वावरायला लागला. कुणा मित्राची मोटारसायकल घेऊन तो असा सुटायचा, की गल्लीतल्या बायका आवाजावरून पोरं आत ओढायच्या. एकदा तो भाजीच्या हातगाडीत घुसला आणि डोक्यापासून पायापर्यंत लालभडक होऊन घरी आला. आईने हंबरडा फोडला. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की रक्तात बिया नसतात. त्या दिवसापासून आई देवाकडे, दिलेला धीर थोडा परत घे, असं मागायला लागली. वडिलांनी मात्र महिनाभर अबोला धरला, कारण टोमॅटो त्यांना भरून द्यावे लागले होते.

पुढे तो फर्निचर पोचवणारा ट्रक चालवू लागला. कपाटं, पलंग, आरसे. वहिनी त्याला ट्रकच्या काळातच मिळाल्या. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने त्यांना शेजारी बसवून लांबवर फिरवून आणलं. वहिनी सगळा वेळ समोरची दांडी घट्ट धरून गप्प बसल्या होत्या. खाली उतरल्यावर पदर नीट केला आणि म्हणाल्या, "तुम्ही छान चालवता. मी मात्र पुन्हा बसणार नाही." आणि त्या ट्रकमध्ये खरंच पुन्हा बसल्या नाहीत. आमच्या वहिनी अशाच. बोलतात कमी, पण बोललेलं परत घेत नाहीत.

तिसरा दादा जन्माला आला तो माझ्या भाच्याबरोबरच. बाळ-बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणताना त्याने उसनी गाडी इतक्या हळू चालवली, की मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून पुढे निघून गेला. मागच्या सीटवर बाळाला घेऊन मी बसले होते. म्हटलं, दादा, चालत गेलो असतो तर एव्हाना पोचून बाळाची अंघोळ झाली असती. तो म्हणाला, मी पहिल्यापासून जपूनच चालवतो. माझ्या डोळ्यांपुढे टोमॅटो आले, पण बाळाला पाहून मी गप्प बसले.

त्यानंतर त्याने ट्रक सोडला आणि गाडी शिकवण्याचं काम सुरू केलं.

शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तराच्या पायाशी, आणि मास्तराने आपला दाबला की चालवणाऱ्याचाही आपोआप खाली जातो. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तराने आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा. दादाचा लौकिक असा, की तो दुसरा ब्रेक अगदी शेवटच्या क्षणापर्यंत दाबायचा नाही. बेकरीवाला सांगतो, की समोर भिंत आली आणि तो मास्तर, मास्तर ओरडायला लागला, तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "ती भिंत आहे. ती काही हलणार नाही. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा." बेकरीवाल्याने ठरवलं. दाताचे डॉक्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका, दोन्ही न्हावी, सगळे त्याच भिंतीसमोर शिकले. मास्तर म्हणून दादा खरोखर चांगला होता, हे त्याची बहीण असूनही मी कबूल करते.

घरात मात्र स्टेअरिंग नव्हतं तरी ब्रेक होता. भाच्याला मित्रांबरोबर डोंगर चढायला जायचं असलं, की दादाची मान हलायची. वहिनींना स्वयंपाकघराला खिडकी पाडून घ्यायची होती, तर पाऊस आत येईल, ऊन आत येईल, चोर आत येईल. पाहुण्यांचं मूल हातात काचेचा पेला घेऊन पळालं, की जेवणाच्या टेबलाखाली दादाचा पाय आपोआप फरशी दाबायचा. आम्ही सगळे हसायचो. वहिनींनी खिडकी शेवटी पाडून घेतलीच, तो शिकवणीला गेलेला असताना. संध्याकाळी तो त्या खिडकीशी बसला आणि म्हणाला, मी कधीपासून म्हणत होतो.

ते घर गावाबाहेर, बंद पडलेल्या गिरणीच्या पलीकडे, चढावर आहे. दोघांनी ते एकेक खोली करत बांधलं. तिथे बस जात नाही. रिक्षावाला चढाव पाहूनच गाडी वळवतो. दुधाची गाडी तेवढी दोन वेळा येते. म्हणजे गाडी चालवणारं माणूस घरात असेल तरच तिथे राहता येतं. आणि गाडी चालवणारं माणूस एकच होतं.

दादाने सत्तरी जवळ आल्यावर शिकवणी आपल्याच एका जुन्या विद्यार्थिनीला विकली. पुढे थोड्याच दिवसांत फाटकाजवळच्या कुंड्या फुटायला लागल्या. दादा म्हणायचा, कुंड्या पुढे सरकल्यात. वहिनी म्हणायच्या, कुंड्यांना पाय नाहीत. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसत होतं, पण दोन्ही कडांचं दिसणं गेलं होतं, आणि गेलेलं ते परत येणार नव्हतं. आहे ते टिकवायला रोज डोळ्यांत औषध घालायचं. गाडी चालवणं बंद.

भाचा दुसऱ्या शहरात असतो. त्याने फोनवर लगेच सांगून टाकलं, की आता घर विकायचं आणि दोघांनी त्याच्याकडे यायचं. तो एक खोली रिकामी करून देणार होता, ज्यात सध्या त्याचं व्यायामाचं यंत्र होतं. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण वहिनींनी मला सांगितलं, की दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चमच्याची जागा विचारत फिरण्याचं आपलं वय गेलं. आपल्या खिडकीशी आपल्याला म्हातारं व्हायचं आहे. हे त्या भांडी पुसता पुसता म्हणाल्या, आवाजसुद्धा न चढवता. आणि हातातली ताटली ठेवून दादाकडे वळल्या.

"मला गाडी शिकवा."

दादा हसला. मग वहिनी हसत नाहीत हे पाहून थांबला. या वयात, असं काहीतरी तो म्हणाला.

"वय माझं आहे. त्याचं मी बघते," वहिनी म्हणाल्या.

झालं. भाच्याशी बोलणं झालं. वहिनींना लायसन मिळालं तर दोघं घरी राहणार, नाही मिळालं तर सामान बांधणार. दादाने आपल्या जुन्या विद्यार्थिनीकडून शिकवणीची गाडी मागून आणली, तीच त्याची जुनी, दोन ब्रेकवाली. शेजारी बसून शिकवायला डॉक्टरांनी मनाई केली नव्हती, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शिकायची जागा ठरली गिरणीचं मोकळं मैदान, आणि मी मागच्या सीटवर. वहिनी म्हणाल्या, वन्सं, कुणीतरी आपलं माणूस गाडीत हवं. दादाने विचारलं, मग मी कोण? त्या म्हणाल्या, तुम्ही मास्तर.

तर मी रोज दुपारी जपाची माळ घेऊन मागे बसायला लागले. देवाचं नाव इतक्या मनापासून मी पूर्वी कधी घेतलं नव्हतं. पण चार-आठ दिवसांतच माझी माळ सावकाश फिरायला लागली, कारण वहिनी गाडी फारच सुरेख चालवत होत्या. गिअर बदलताना खडखडाट नाही, वळताना धांदल नाही, आणि थांबवणं तर असं, की मांडीवरच्या बाळाची झोप मोडू नये. दादा भाव खायला लागला. बेकरीत जाऊन सांगून आला, की माझ्या हाताखालून इतके गेले, पण हिच्यासारखी शिष्या नाही. बेकरीवाला म्हणाला, उशिरा सुरुवात केलीत मास्तर. हे दादाने आम्हाला सांगितलं नाही, बेकरीवाल्याच्या बायकोने सांगितलं.

टेस्टचा दिवस आला. परवाना कचेरीच्या आवारात पांढऱ्या रेघा आखलेल्या आहेत आणि शेवटी टायरांचा ढीग आहे. तिथल्या इन्स्पेक्टरांनी दादाचे सगळे विद्यार्थी तपासलेले, त्यामुळे त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, मास्तरीणबाईंना नमस्कार केला आणि शेजारच्या सीटवर बसले. नियमाप्रमाणे दोन्ही पाय ब्रेकपासून लांब, मागे घेऊन. आम्ही दोघं कुंपणाशी. गाडी सुरू झाली, वळली, चढाची जागा चढून पलीकडे उतरली. दादा माझ्या कानात कुजबुजत होता, बघ, बघ. मग गाडी थांबायच्या रेघेशी आली आणि थांबलीच नाही. अगदी संथपणे, घाई न करता, एखाद्या लग्नातून निघाल्यासारखी ती रेघ ओलांडून पुढे गेली आणि टायरांच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली.

कुणाला लागलं नाही. वहिनींनी काच खाली केली होती, म्हणून त्या इन्स्पेक्टरांना काय म्हणाल्या ते आम्हाला ऐकू आलं.

"अहो, तुम्ही दाबला नाहीत?"

इन्स्पेक्टर खाली उतरले, खाकी विजारीवरची धूळ झटकली आणि दादाजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, बाई गाडी उत्तम चालवतात. थांबवायचं काम मात्र अजून तुमच्याकडेच दिसतंय."

परतताना गाडी शिकवणीवाल्या बाईंनी, म्हणजे दादाच्या त्या जुन्या विद्यार्थिनीने, चालवली. घरी आल्यावर दादाने कानांवर हात ठेवले. आपण ब्रेकला पाय लावलाच नाही म्हणाला. कधीच नाही. देवाशपथ नाही. देवाचं नाव मध्ये आलं म्हटल्यावर मला लक्ष घालणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी मैदानात मी जप बाजूला ठेवला, दोन सीटांच्या मधून मान घातली आणि नुसती दादाच्या पायाकडे बघत बसले.

तो पाय म्हणजे वेगळाच प्राणी होता. वर दादाचा चेहरा शांत, हात मांडीवर, तोंडाने सावकाश सांगतोय, आता थांबायचं, ब्रेकवर पाय न्या. आणि खाली त्याचा बूट केव्हाच पोचलेला. वहिनींचा पाय त्यांच्या ब्रेकवर जाईपर्यंत तो ब्रेक आधीच खाली गेलेला असायचा. त्यांनी आपला त्यावर पाय ठेवायचा, एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवावा तसा. त्यांना वाटायचं, ब्रेक असाच असतो. किती दाबायचा, कधी दाबायचा, हे त्यांच्या पायाला कुणी कळूच दिलं नव्हतं.

मी जे पाहिलं ते सांगितलं. दादा आधी माझ्यावर चिडला, मग खाली बघितलं, आणि त्याला स्वतःचा पाय ब्रेकवर सापडला. मग म्हणाला, इतक्या वर्षांची सवय आहे, पायाला काय कळतं.

"बेकरीवाल्याच्या वेळी कुठे होती ही सवय?" मी म्हटलं.

त्याने बूट ब्रेकवरून काढून घेतला. बोलल्या त्या वहिनी, स्टेअरिंगवरचे हात न काढता, समोर बघत.

"बेकरीवाल्याला जमेल असं तुम्हाला वाटत होतं."

मला गाडीतून उतरून जावंसं वाटलं, पण मागचं दार आतून उघडत नाही. दादाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाला, "बेकरीवाला आपटला असता तर मला वाईट वाटलं असतं. तू आपटलीस तर..." आणि पुढचं वाक्य त्याने त्या चष्म्यातच ठेवून दिलं.

मागच्या सीटवरून मला त्याची मान दिसत होती, पांढरी, बारीक झालेली. आणि मला वाटलं, हा अंधाऱ्या बोळातलाच मुलगा आहे. बेफामपणा अंगावरून उतरला, मास्तरकी उतरली, की खाली तोच. फक्त तेव्हा स्वतःसाठी भीती वाटायची, आता वहिनींसाठी वाटते. एवढी वाढ मात्र झाली. देवाने इतक्या वर्षांत फुकट काही केलं नाही.

पण नुसतं कळून पाय थोडाच ऐकतो. टेस्टची पुढची तारीख मिळाली होती, भाच्याने यंत्र खोलीतून हलवायला माणूस ठरवला होता, आणि इकडे दादा स्वतःच्याच पायाशी झुंजत होता. त्याने बूट काढून बघितला, तर पाय अनवाणी गेला. मांडी घालून बसला, तर पायाला मुंग्या आल्या आणि वळणावर मुंग्यांसकट पाय खाली उतरला. मी माझी पिशवी ब्रेकपुढे ठेवली, तर पिशवीतलं बिस्किटांचं पुडकं चुरा झालं. मी सुचवलं, की तू मागे बस, शिकवणीवाल्या बाईंना पुढे बसवू. तसंही करून पाहिलं. त्या दिवशी तो माझ्या शेजारी बसला आणि प्रत्येक वळणाला त्याने माझा हात असा दाबला, की संध्याकाळी माझ्याच्याने बरणीचं झाकण उघडेना. वर तोंडही चालूच. शिकवणीवाल्या बाई मोठ्या सोशिक, कारण त्या त्याच्याच हाताखाली शिकलेल्या. पण उतरताना त्याही म्हणाल्या, मास्तर, तुम्ही ब्रेकशिवाय जास्त जोरात दाबता.

वहिनींनी त्या रात्री पितळेच्या डब्या काढून कागदात गुंडाळायला सुरुवात केली. दादाने ते पाहिलं.

जे झालं ते त्याच्या औषधाने झालं. दुपारचे थेंब घालायचे राहिले होते, म्हणून मैदानात पोचल्यावर सीटवर मान मागे टाकून त्याने ते घातले. औषध झोंबायचं. घातल्यावर डोळे मिटून थोडा वेळ बसावं लागायचं. तो म्हणाला, थांब जरा, मला उघडू दे डोळे. वहिनींनी गाडी सुरू केली.

दादा म्हणाला, अगं, थांब म्हटलं ना. वहिनी म्हणाल्या, मैदान रिकामं आहे, समोर काही नाही, तुम्ही बसा स्वस्थ. गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात गेली. मी मागून आधी दादाचा चेहरा बघितला, मिटलेले डोळे आणि गालावरून ओघळणारं औषध. मग पाय बघितला. पाय जागच्या जागी. वळण आलं, पाय गप्प. गिरणीची भिंत समोर यायला लागली, आणि त्या पायाला तिचा पत्ताच नव्हता, कारण पायाला बातमी द्यायला डोळे हजर नव्हते. माझी माळ कुठे गेली मला माहीत नाही. गाडी हिसका देऊन, अगदी बेढब, माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटून थांबली.

"थांबली कशी?" दादाने डोळे न उघडता विचारलं.

"मी थांबवली," वहिनी म्हणाल्या.

मग दादा म्हणाला, हिसका बसला. वहिनी म्हणाल्या, बसणारच, पहिलीच वेळ आहे. परत घेऊ का? तो म्हणाला, घे. आणि थोडं थांबून म्हणाला, पण समोर काय आहे ते सांगत जा. मला कळलं तर पाहिजे, मी कुठे चाललोय.

मग ती पद्धतच पडली. दादाने गाडीत बसायचं आणि डोळे मिटायचे. वहिनींनी चालवायचं आणि दिसेल ते बोलायचं. भिंत आली. भिंत अजून लांब आहे. आता वळते. कुत्रं झोपलंय, त्याला उठवत नाही, बाजूने घेते. मैदानाला सरावल्यावर घरच्या चढाच्या वाटेवर, जिथे दुपारी चिटपाखरू नसतं. तेव्हा शिकवणीवाल्या बाई स्वतःची गाडी घेऊन पुढे चालायच्या. धोका वाटला तर वहिनींनी 'दाबा' म्हणायचं, मगच दादाने दाबायचं, असं ठरलं होतं. एकदाच वहिनी 'दाबा' म्हणाल्या. दादाने जीव एकवटून ब्रेक दाबला आणि आम्ही तिघं पुढे फेकले गेलो. समोर काहीच नव्हतं. वहिनी म्हणाल्या, तुमचा चालतो का ते बघितलं.

आयुष्यभर ज्यांना चार शब्दांच्या वर बोलताना मी ऐकलं नाही, त्या वहिनी आता बोलायच्या थांबेनात. आणि आयुष्यभर ज्याने दुसऱ्याला वाक्य पुरं करू दिलं नाही, तो माझा भाऊ डोळे मिटून ऐकत होता. मी मागे बसून दोघांकडे बघायची. घरात मूल चालायला लागलं की आपण सगळे कौतुकाने बघतो, तसंच काहीसं होत होतं, फक्त टाळ्या वाजवायची सोय नव्हती.

दुसऱ्या टेस्टला दादा कुंपणाशी उभाच राहिला नाही. आवाराबाहेरच्या बाकावर बसला, डोळे मिटले आणि मला म्हणाला, तू सांग. मी सांगायला लागले. इन्स्पेक्टर बसले. पाय मागे घेतले त्यांनी. निघाली. वळली. वहिनींचं तोंड चालू आहे. आता रेघ येतेय. त्या क्षणी मला त्याची थोडी गंमत करावीशी वाटली, थांबावं बोलायचं, पाहावं काय करतो ते. पण माझीच जीभ टाळ्याला चिकटली होती. दादा स्वस्थ बसला होता, दोन्ही पाय बाकाखाली, हलले नाहीत. माझी उजवी चप्पल मात्र मातीत इतकी रुतली होती, की नंतर ओढून काढावी लागली. गाडी रेघेच्या आत थांबली.

इन्स्पेक्टर कागदावर सही करून बाहेर आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जरा गोंधळ होता. म्हणाले, "मास्तर, पास झाल्या बाई. पण मला सगळा वेळ सांगत होत्या, समोर वळण आहे, डाव्या बाजूला शिपाई उभा आहे, टायर जवळ आले. मी म्हटलं, बाई, मला दिसतंय. तर म्हणाल्या, असू द्या."

घरी येताना गाडी वहिनींनी चालवली. शिकवणीची नव्हे, दोघांची स्वतःची, जिच्यात एकच ब्रेक आहे; ती शिकवणीवाल्या बाईंनी कचेरीपाशी आणून ठेवली होती. वाटेत भाच्याचा फोन आला. दादाने तो उचलला आणि मोठ्याने बोलला, जणू मुलगा फोनमध्ये नसून दुसऱ्या डोंगरावर आहे. म्हणाला, हो, झालं. नाही, यंत्र राहू दे तिथेच. आम्ही येतो ना रविवारी, जेवायला. पलीकडून, येणार कसे, असं विचारलं असावं.

"तुझी आई आणेल," तो म्हणाला. "आणि संध्याकाळी परतही नेईल."

फोन ठेवून तो मला म्हणाला, की तो पहिल्यापासून म्हणत होता, हिला जमेल. चढ सुरू झाला. दादाने हात खिडकीबाहेर टाकला होता, वारा घेत, आणि या वेळी त्याचे डोळे सताड उघडे होते. पुढे बघत होता तो, जेवढं दिसत होतं तेवढं. वहिनी त्याच्याकडे न बघता सांगत होत्या, दुधाची गाडी वळून गेली, डावीकडे कुणीतरी पायी चाललंय, ओळखीचं नाही.

"तुमच्या बाजूला झाडाची फांदी खाली आलीय," त्या म्हणाल्या. "हात आत घ्या."

त्याने फांदी कुठे आहे ते वळून पाहिलं नाही. हात आत घेतला.